बॅटमॅनकडं पैसे नाहीत, पण डंपर आहे

श्रीमंत घरचा पोरगा रात्री मुखवटा घालून भुरट्यांना बदडतो आणि पहाटे वाड्यावर जाऊन झोपतो. बॅटमॅनवरचा हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. १९३९ मध्ये बॉब केन आणि बिल फिंगर यांनी हे पात्र आणलं, आणि इतकी वर्षं ब्रूस वेन (मुखवट्याआडचा बॅटमॅन) म्हटलं की बापजाद्यांचा पैसा, हवेली, चहा आणून देणारा आल्फ्रेड हे सगळं आलंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅब्सोल्युट बॅटमॅन’ या कॉमिक मालिकेनं पहिला हात घातला तो नेमका या पैशाला. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. पहिला खंड भाच्यानं आणून दिला, पुढचे अंक त्याच्याच टॅबवर वाचले, आणि गेले काही दिवस डोक्यात तेच चालू आहे. म्हणून हे लांबलचक लिहितोय. ज्यांना कथा आधी कळलेली चालत नाही त्यांनी इथंच थांबा.

तर इथला ब्रूस चोवीस वर्षांचा. राहणारा क्राइम अ‍ॅलीतला, म्हणजे ज्या गल्लीत जुन्या ब्रूसचे आईबाप मारले गेले तीच याची वस्ती. वडील शाळामास्तर. मुलांची सहल घेऊन प्राणिसंग्रहालयात गेले असताना गोळीबार झाला आणि त्यात ते गेले. आई मार्था मात्र जिवंत आहे. ब्रूस शहराच्या कामांवर सिव्हिल इंजिनिअर आहे. आल्फ्रेड नोकर नाही, ब्रिटिश गुप्तहेर आहे, आणि बॅटमॅनच्या गॉथम शहरात येऊन या नव्या वटवाघळावर पाळत ठेवतो. जोकर अब्जाधीश आहे आणि तो हसत नाही.

वाचताना मी खरोखर उठून बसलो. नुसता पोशाख बदलून ‘नवा बॅटमॅन’ म्हणून खपवायचे प्रकार भरपूर झाले. इथं पाया उकरलाय. आई जिवंत ठेवणं ही तर मला सगळ्यात धाडसी गोष्ट वाटली. आईबाप मेलेल्या माणसाला रात्री छपरांवरून उड्या मारायला कुणाची परवानगी लागत नाही. याच्या हाताला लागलेलं बघून ‘काय झालं रे?’ विचारणारं माणूस आहे. शिवाय मित्र आहेत. वेलन जोन्स, ऑस्वाल्ड कॉबलपॉट, हार्वी डेंट, एडवर्ड निग्मा. जुने वाचक नावं वाचूनच हसतील, कारण मूळ बॅटमॅनमध्ये हे सगळे खलनायक: किलर क्रॉक, पेंग्विन, टू-फेस, रिडलर. इथं ते एका वस्तीत वाढलेले दोस्त आहेत. एकमेकांची टर उडवतात, अडीअडचणीला धावून येतात. आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेच्या कुठल्याही कट्ट्यावर बसलेली पोरं असतात तशीच. आपल्याला माहीत आहे की नेहमीच्या गोष्टीत यांचं पुढं काय होतं, त्यांना माहीत नाही. एक थेंब रक्त न सांडता पोटात गोळा येतो. याला मी अंधार म्हणतो.

आता दुसरी बाजू.

हा बॅटमॅन अंगानं केवढा आहे! तालमीतल्या हेवीवेट मल्लानं बघत राहावं असे खांदे. छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह निघतं आणि त्याची कुऱ्हाड होते. कान उपसले की सुरे. पहिल्याच अंकात कुऱ्हाडीनं एकाचा हात मनगटातून जातो. भाचा म्हणाला, “मामा, नाद खुळा पान आहे की नाही?” पान म्हणून आहेच. ड्रॅगोटाचा हात जबरदस्त आहे, छोट्या छोट्या चौकटींची पट्टी लावत नेतो आणि एकदम अख्खं पान त्या काळ्या आकृतीला देऊन टाकतो. फ्रँक मार्टिनचे रंगही तसेच, लाल-नारिंगी पेटलेले. पण पान उलटल्यावर मी मागं जाऊन पुन्हा बघितलं, ते त्या तुटलेल्या हातासाठी नव्हे. मला बघायचं होतं की ज्याला ऐपत नाही असं आपल्याला सांगितलंय, त्या पोरानं हे सगळं घडवलं कुठं आणि कशातून.

मी बांधकामाच्या धंद्यातला माणूस, त्यामुळं हे माझं दुखणं समजा. याची बॅटमोबाईल म्हणजे खाणीवर चालणाऱ्या डंपरसारखं अजस्र धूड आहे. मला ती मनापासून आवडली, पण साधा हायवा टिपर चार दिवस साईटवर उभा ठेवायचा म्हटला तर काय हिशेब होतो ते माझं मला माहीत. इथं डिझेल कोण भरतं? टायर कोण बदलतं? हुशार आहे, जुगाड करतो, शहराच्या कामांवरची माहिती वापरतो, हे मान्य. तरी एखादं पान तरी दाखवा की राव, पट्टा तुटलाय आणि सुटा भाग मिळत नाहीये म्हणून आजची रात्र वाया गेली. गरिबी ही अडचण म्हणून दिसली पाहिजे. इथं ती नायकाच्या ओळखीत एकदा सांगितली जाते आणि हाणामारी सुरू झाली की विसरली जाते.

‘आजच्या वाचकाला असंच भडक लागतं’ हे समर्थन मला पटत नाही. हा प्रकार आजचा नाहीच. फ्रँक मिलर या कॉमिककाराचा म्हातारा, चिडका बॅटमॅन १९८६ सालचा आहे. १९८८ मध्ये तर प्रकाशकांनी फोनवर मतदान घेतलं होतं, बॅटमॅनचा पोरसवदा जोडीदार रॉबिन जगावा की मरावा. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. म्हणजे रक्ताची तहान वाचकाला तेव्हाही होती आणि प्रकाशकाला ती ओळखताही येत होती. २०२४ मध्ये नवीन काय, तर आईचं जिवंत असणं आणि बापाचं मास्तर असणं.

मग येतो खलनायक बेन. २०२५ मधल्या अंकांत तो बॅटमॅनला ‘आर्क एम’ नावाच्या तुरुंगात कोंडून मोडून काढतो, आणि ब्रूसच्या दोस्तांनाही सोडत नाही. वेलन, तो बिचारा बॉक्सर, त्याच्या शरीराची जी दशा करतात ती पानं मी भरभर उलटली. किळस आली म्हणून नव्हे, राग आला म्हणून. साधी माणसं म्हणून हे मित्र उभे केले तीच या मालिकेची कमाई होती. वेलनला शेवटी मगर करायचंच होतं, तर मग तो मित्र म्हणून आम्हाला इतका आवडवला कशाला? माझा भाचा म्हणतो की जीव लागावा आणि मग तुटावा म्हणूनच. त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण माणसाची शोकांतिका त्याच्या निवडीतून आली तर ती झोंबते, टेबलावर बांधून इंजेक्शनातून आली तर फक्त दचकायला होतं.

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. शहराच्या कामांवरचा इंजिनिअर नायक केलात, मग त्याला कामावर फारसं दाखवलं का नाही? सांगलीत राहणाऱ्याला हे लगेच खटकतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. त्या आठवड्यात कोयनेतून किती सोडलं आणि अलमट्टीतून किती पुढं गेलं हे आकडे इथं शाळकरी पोरंही घडाघडा सांगत होती. पाणी उतरल्यावर लोक ज्याबद्दल हळू आवाजात बोलत होते ते म्हणजे बुजवलेले ओत (पाणी वाहून नेणारे सखल भाग), पूररेषेत उठलेल्या इमारती. पाऊस अफाट होता हे खरंच, पण पाण्यानं जायचं कुठून हेही कुणीतरी कधीतरी टेबलावर बसून ठरवलेलं असतं. तिथं मुखवटा नसतो, कवटीचा तर नाहीच. नकाशा असतो, शेरा असतो, खाली सही असते.

असा एक कागद या चोवीस वर्षांच्या ब्रूससमोर यायला हवा होता. वरून ‘सही कर’ म्हणून दबाव, घरी आई, खिशात महिनाअखेर. रात्री कुऱ्हाड आहेच, पण दिवसा पेन हातात घेऊन हा माणूस काय करतो? स्नायडरनं हे दार स्वतः उघडलंय, म्हणूनच तो आत गेला नाही याचं वाईट वाटतं. कवटीच्या काळ्या मुखवट्याचा खलनायक रोमन सायोनिस आणि त्याची प्राण्यांचे मुखवटे घातलेली टोळी पहिल्या खंडात चांगला धुडगूस घालतात, पण टोळी कितीही मोठी असली तरी तिला मारून संपवता येतं.

एवढं बोलूनही पुढचे अंक मी वाचणार आहे. मी वाचलं तिथवर न हसणारा जोकर पुरता पुढं आलेला नाही आणि त्याच्याकडून मला मोठ्या अपेक्षा आहेत, कारण त्याच्या हातात चाकू असण्याची गरज नाही, शहर विकत घेण्याइतका पैसा आहे. आणि मार्थाची पानं कितीही आली तरी मला चालतील.

पहिला खंड माझ्याकडं आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा. घरी दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर कपाटात वरच्या फळीवर ठेवा. मुखपृष्ठावर बॅटमॅन आहे म्हणून ते हमखास उचलणार. आणि ज्यांनी आधीच वाचलंय त्यांनी बेनच्या भागाबद्दल कमेंटमध्ये भांडा. भाचा तुमच्या बाजूनं उतरेलच.