सभागृह रिकामे ठेवण्याची कला

अभिनंदन! तुमची शहराच्या सांस्कृतिक समितीवर नेमणूक झाली आहे. हाताशी सभागृह आहे, वाचनालय आहे, थोडाफार निधीही आहे. आता हे सगळे आवाज न करता मोडीत कसे काढायचे, एवढेच शिकायचे राहिले.

बंदी घालण्याचा गाढवपणा करू नका. बंदी घातली की कधी तिकडे न फिरकलेले लोकही मोर्चाला येतात. त्यापेक्षा वेळ बदला. नाटक असो की काव्यवाचन, कामाच्या दिवशी भरदुपारी ठेवा. पहिल्या दोन रांगा मान्यवरांसाठी राखून ठेवा. मान्यवर येणार नाहीत, याची आधी खात्री करून घ्या. मग दाराशी माणूस बसवून डोकी मोजा आणि अहवालात लिहा, 'प्रतिसाद अत्यल्प'. हे दोन शब्द दहा वर्षे पुरतात.

पुढे उपयोग विचारा. कवितेने रोजगार किती वाढला? इतिहासाच्या व्याख्यानाने खड्डे किती बुजले? (रस्त्यांमुळे कविता किती सुचल्या, असे बांधकाम खात्याला कोणी विचारत नाही. ते असो.) दाखला हवा असेल तर प्राचीन अथेन्सचा द्या. गरीब नागरिकांनाही नाटक बघता यावे म्हणून तिथे सरकारी निधीतून पैसे मिळत. हा निधी सैन्याकडे वळवा, असा डेमॉस्थेनिस या नामांकित वक्त्याचा आग्रह होता. इ.स.पू. 339 च्या सुमारास तो मान्य झाला, आणि इ.स.पू. 338 मध्ये कायरोनियाच्या लढाईत मॅसिडोनियाच्या फिलिपने अथेन्सला धूळ चारली. भाषणात हे शेवटचे वाक्य गाळा.

आपले वाचन कमी आहे, ही खंत तर मुळीच बाळगू नका. महामंदीत बेकार नटांना काम मिळावे म्हणून अमेरिकी सरकारने 1935 मध्ये 'फेडरल थिएटर प्रोजेक्ट' काढला. 1938 मध्ये त्याच्या संचालक हॅली फ्लॅनगन यांची संसदीय समितीपुढे उलटतपासणी झाली. त्यांच्या तोंडून ख्रिस्तोफर मार्लो हे नाव निघताच एका सदस्याने विचारले, हा मार्लो कम्युनिस्ट आहे काय? मार्लो हा नाटककार 1593 मध्येच वारला होता. हसताय? 1939 मध्ये प्रोजेक्ट बंद झाला.

खरी डोकेदुखी रंगमंचावर नसते, ती प्रेक्षकांत असते. व्याख्यान संपल्यावर 'प्रश्न नाही, दोनच शब्द बोलतो' म्हणत जे गृहस्थ वीस मिनिटे माइक सोडत नाहीत, त्यांना आवरू नका. ते आपलेच काम करताहेत. लक्ष ठेवा ते मागच्या रांगेतल्या मुलीवर. ती एका ओळीचा प्रश्न विचारते, वक्ता अडखळतो, आणि शेजारचा अनोळखी कारकून तिच्याकडे वळून म्हणतो, 'नाही, पण मला वेगळं वाटतं.' दोघे वाद घालत पायऱ्यांपर्यंत येतात, तिथे आणखी चौघे जमतात. असा घोळका पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो आणि हळूहळू पाण्याच्या, शाळेच्या गोष्टी काढतो. म्हणून कार्यक्रम संपताच पायऱ्यांवरचा दिवा घालवा. रखवालदाराला किल्ल्यांचा जुडगा वाजवत फिरायला सांगा.

एवढे करूनही भरवसा नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रे सुरक्षित जागी हलवली गेली. भिंती उघड्या पडल्या. आता इथे कोण येणार, असे कोणालाही वाटले असते. ऑक्टोबर 1939 मध्ये मायरा हेस या पियानोवादक बाईंनी तिथे संगीत मैफली सुरू केल्या. बॉम्ब पडत होते तरी लोक येत राहिले, थेट 1946 पर्यंत. आणि वेळ कोणती? कामाच्या दिवशी, भरदुपारी.

तेव्हा मघाचा वेळेचा उपाय खोडून टाका. नुसती चित्रे काढूनही भागणार नाही. आधी खुर्च्या हलवा.