‘वरूनच येत नाहीये’ म्हणजे नक्की कुठून?

आठ दिवसांत नऊ दुकानं फिरले. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर: ‘मॅडम, वरूनच येत नाहीये.’ वर म्हणजे कुठे हो? गोळ्या काय पावसाबरोबर पडतात?

आईला फिट्स येतात. फिनोबार्बिटोन, साठ मिलिग्रॅमची गोळी, रोज रात्री एक, कित्येक वर्षं. जुनं, स्वस्त औषध. आणि एकदम तोडायचं नाही, हे डॉक्टरांनी दर खेपेला बजावलेलं. डॉक्टर म्हणतात, दुसरं लिहून देतो, पण हळूहळू बदलू, तोपर्यंत ही चालू ठेवा. अहो, हीच तर मिळत नाहीये!

डोंबिवलीतला एक केमिस्ट म्हणतो, कंपनीनं बंद केलं. त्याच्या समोरचा म्हणतो, सोमवारी माल येतोय. सोमवारी गेले तर म्हणे, कोण म्हणालं? तिसरा म्हणतो, नार्कोटिकमधलं आहे, आम्ही ठेवतच नाही. दुकानांना माल पुरवणाऱ्या स्टॉकिस्टचा नंबर मागितला तर असा बघितला, जणू त्याच्या शेताचा सातबारा मागितला. अॅपवर ‘उपलब्ध’ दिसलं, पैसे भरले, दुसऱ्या दिवशी ऑर्डर रद्द. कंपनीच्या टोल फ्रीवर वीस मिनिटं पेटी ऐकली, मग बाई म्हणाल्या, ‘जवळच्या केमिस्टकडे चौकशी करा.’ शेवटी रजा टाकून मुंबईतला औषधांचा घाऊक बाजार, प्रिन्सेस स्ट्रीट गाठलं. होलसेलवाला: किरकोळ देत नाही. म्हणजे माल आहे? ‘तसं कुठं म्हटलं?’

आणि व्हॉट्सअॅप! 2021 च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठी जसे नंबर फिरायचे, तसेच आताही. पाच लावले. तीन बंद, एक उचलत नाही, एकावर कुणी काका वैतागून म्हणाले, मी रिक्षा चालवतो, बाई.

चीड येते ती याची, की माहिती नाही असं नाहीच. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहे. 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार अशा औषधांच्या उत्पादनाचे आकडे कंपन्यांना दर तिमाहीला सरकारला द्यावे लागतात, आणि औषध बंद करायचं तर सहा महिने आधी जाहीर नोटीस. मग ते आकडे फायलीत काय लोणचं मुरवताय? अमेरिकेत औषध प्रशासन तुटवड्याची यादी सगळ्यांसाठी उघडी ठेवतं: कुठलं औषध, कुठली कंपनी, कारण काय. इथे मी केमिस्टकडच्या सातवी पास पोराच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतेय.

काल रात्री आई हळूच म्हणाली, ‘अर्धी अर्धी घेऊ का गं? पुरतील.’ ओरडले तिच्यावर. तिच्यावर कशाला ओरडले मी?