पाण्याने फुगलेलं वुडन फ्लोअरिंग फॅन लावून बसत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज सारखा फिरतोय: वुडन फ्लोअरखाली पाणी गेलं तर दोन दिवस फॅन लावा, फुगवटा राहिलाच तर सँडिंग मारून पॉलिश करा, एखादी पट्टी अगदीच गेली तर उचकटून त्याच दिवशी नवीन चिकटवा. आणि खाली, "फ्लोअर काढायला सांगणारा तुम्हाला लुटतोय." सांडलेलं ग्लासभर पाणी लगेच पुसलं तर काहीच होत नाही, मान्य. पण पाइप गळून पाणी खाली मुरलं असेल आणि फ्लोअर स्लॅबला गोंदाने चिकटवलेलं असेल, तर हे सल्ले वाट लावतील.

फॅनची हवा लागते वरून, पाणी असतं खाली. गोंद दातेरी पट्टीने पसरतात, त्याच्या उभ्या रेघा राहतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी कुठच्या कुठे जातं. मी उचकटलेल्या एका पट्टीचा वरचा भाग ठणठणीत कोरडा होता, उलटी केली तर खाली काळी पडलेली, रेघांमध्ये पाणी चमकतंय आणि कुबट वास. बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात, म्हणजे तुमचे फॅनचे दोन दिवस तिथेच संपले.

सँडिंगचा सल्ला तर सगळ्यात वाईट. पट्टी खालून ओली, वरून कोरडी असली की कडा वर येतात आणि मध्ये खोलगट होतं, हात फिरवला तरी कळतं. आता त्या उचललेल्या कडा घासून सपाट केल्या आणि नंतर लाकूड सुकून मूळ आकारात आलं की कडा खाली जातात, मधला भाग उंच राहतो, आणि घासलेलं लाकूड काही परत येत नाही. भरीव लाकूड थोडंसंच वाकलं असेल तर काही आठवड्यांत सुकून बरंच सरळ होतं, त्याला तेवढा वेळ द्या. इंजिनिअर्ड पट्टीचे (म्हणजे लाकडाचे थर एकमेकांवर चिकटवून बनवलेली) थर सुटले असतील तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही.

"त्याच दिवशी चिकटवा" म्हणणाऱ्याने स्लॅब मोजलाच नाहीये. काँक्रीट हाताला कोरडं लागतं, पोटात ओल धरून असतं. एका बाजूने सुकणाऱ्या स्लॅबमध्ये जाडीच्या ४० टक्के खोल भोक पाडून आत ओल मोजणारा सेन्सर, म्हणजे प्रोब ठेवतात, २४ तासांनी आतल्या सापेक्ष आर्द्रतेचं रीडिंग. बऱ्याच गोंदांना ७५ टक्के आर्द्रतेच्या आसपास मर्यादा असते, नेमकी तुमच्या डब्यावर बघा. ओल्या स्लॅबवर चिकटवलंत तर काही महिन्यांत तेच परत.

काढताना सर्क्युलर सॉ पट्टीच्या जाडीएवढाच खाली सेट करून आडवे काप घ्या, मग पहारीने तुकडे उचला, उरलेला गोंद खरवडा. जुनं घर असेल आणि खाली काळा डांबरासारखा गोंद दिसला तर थांबा, ग्राइंडर लावू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतो, आधी तपासून घ्या. नवीन पट्ट्या खोलीत ठेवून त्यांची ओल स्थिर होऊ द्या आणि भिंतीपाशी साधारण १० ते १२ मिमी फट सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

राहिला लुटण्याचा मुद्दा. न मोजता "सगळंच काढावं लागेल" म्हणणाऱ्याला जरूर अडवा. पण लाकडातली ओल मोजायचं मीटर मागवा, आधी पाणी न गेलेल्या कोपऱ्यातलं रीडिंग घ्या, मग ओल्या जागेपासून बाहेर मोजत जा, आकडा जुळला की तिथपर्यंतच काढायचं.