नेहरूंनी आसामला खरंच 'निरोप' दिला होता का?

नोव्हेंबर उजाडला की एक मजकूर मराठी व्हॉट्सॲप गटांतून हमखास फिरू लागतो. त्याचा गाभा असा: १९६२च्या युद्धात नेहरूंनी रेडिओवरून आसामला निरोप दिला, आसाम चीनला सोडून द्यायचं ठरवलं आणि संसदेला तोंड चुकवलं, शेवटी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला पोहोचले म्हणून चीन मागे हटला. शिकलेली, वाचणारी माणसं हे पुढे पाठवतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

रेडिओवरचा 'निरोप'. आजच्या अरुणाचलातली वालाँग, से ला आणि बोमदिला ही ठाणी पाठोपाठ पडल्यावर नेहरू आकाशवाणीवरून बोलले. मजकुरात त्या भाषणाचं अर्धंच वाक्य येतं, आसामच्या बांधवांसाठी आपलं अंतःकरण तुटतं आहे एवढंच. त्याच्या अगदी आधी ते म्हणाले होते की आक्रमक भारतातून निघून जाईपर्यंत किंवा त्याला हुसकावून लावेपर्यंत आम्ही स्वस्थ बसणार नाही. आणि हे सगळ्यांना, विशेषतः आसामच्या लोकांना, स्पष्ट सांगायचं आहे, असं म्हणून मग ते अंतःकरणावर आले. म्हणजे ज्या वाक्यात लढत राहण्याची ग्वाही आहे, त्याचंच शेपूट तोडून निरोप म्हणून विकलं जातं आहे.

आसाममध्ये मात्र अनेकांनी ते शब्द निरोपासारखेच ऐकले, आणि त्यांना दोष देता येत नाही. त्या दिवसांतलं तेजपूर डोळ्यांसमोर आणा. लष्कराच्या चौथ्या कोअरचं मुख्यालय गुवाहाटीला हललेलं. स्टेट बँकेने नोटा जाळल्या, नाणी तळ्यात टाकली. तुरुंगाची आणि मनोरुग्णालयाची दारं उघडली. जिल्ह्याचा मुख्य अधिकारीच निघून गेला आणि लोक ब्रह्मपुत्रा ओलांडायला घाटावर गर्दी करत होते. अशा वेळी दिल्लीहून कोरडी सहानुभूती ऐकू आली तर माणसाला टाकून दिल्यासारखंच वाटणार. आसामची ती जखम खरी आहे. पण त्या जखमेच्या आधारावर न बोललेलं वाक्य नेहरूंच्या तोंडी घालणं ही वेगळी गोष्ट झाली.

आसाम सोडून द्यायचं ठरलं होतं? १९ नोव्हेंबरला नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना लिहिलेली पत्रं आज उपलब्ध आहेत. ताबडतोब काही केलं नाही तर सगळा आसाम, त्रिपुरा, मणिपूर आणि नागालँड चीनच्या हाती जाईल, असं त्यांत लिहून लढाऊ विमानांची बारा स्क्वाड्रन्स (तुकड्या) आणि बी-४७ बॉम्बर्सची दोन स्क्वाड्रन्स मागितली आहेत. अलिप्ततेचं धोरण ज्याने आयुष्यभर मिरवलं, तो माणूस ते बाजूला ठेवून अमेरिकेकडे विमानं मागतो आहे. आसामवर पाणी सोडायचं ठरवलेला माणूस हे कशाला करेल?

यशवंतराव आले आणि चीन पळाला. आपल्या अभिमानाला हे गोड लागतं. पण पेकिंगने, म्हणजे चीन सरकारने, एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली २१ नोव्हेंबरला, आणि यशवंतरावांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली तीही २१ नोव्हेंबरलाच. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे खरं, पण त्याचं काम त्यानंतर सुरू झालं. पर्वतीय युद्धासाठी दहा डिव्हिजन्स, सव्वाआठ लाखांचं सैन्य, हवाई दलाची ४५ स्क्वाड्रन्स असा आराखडा त्यांच्या काळात आखला गेला. १९६५च्या लढाईत संरक्षणमंत्री तेच होते. हे खरं कर्तृत्व बाजूला ठेवून त्यांच्या नावावर चमत्कार खपवणं हा त्यांचा सन्मान नव्हे.

संसदेला तोंड चुकवलं? युद्ध चालू असताना, ८ नोव्हेंबरला, अधिवेशन बोलावलं गेलं. बैठक गुप्त घ्यावी ही सूचना नेहरूंनी मानली नाही. तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळातून जावं लागलं. आक्रमकाला हुसकावण्याचा ठराव १४ तारखेला एकमताने झाला. त्याआधीच, २५ ऑक्टोबरला, आपण स्वतःच तयार केलेल्या कृत्रिम वातावरणात वावरत होतो अशी कबुली नेहरूंनी जाहीरपणे दिली होती.

मग नेहरू निर्दोष ठरतात का? मुळीच नाही. १२ ऑक्टोबरला सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) निघताना, आपला प्रदेश मोकळा करण्याचे आदेश सैन्याला दिले आहेत, असं ते पत्रकारांना सांगून गेले. त्या वेळी सीमेवरच्या नामका चू नदीकाठच्या जवानांजवळ धड थंडीचे कपडेही नव्हते. याचा जाब त्यांना विचारलाच पाहिजे, आणि त्यासाठी लागणारा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल. त्याचा गोषवारा २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत मांडला. मूळ अहवाल मात्र त्यानंतरच्या एकाही सरकारने, कोणत्याही पक्षाच्या, लोकांसमोर ठेवलेला नाही. व्हॉट्सॲपवर मागणी फिरवायचीच असेल तर ही फिरवा.