बापाचं नाव या झाडावर लागतच नाही

लेख आवडला, द्राक्षाच्या वंशातल्या जातींचं नातं हरितलवकाच्या (पानातल्या हिरव्या कणांच्या) जीनोमवरून, म्हणजे त्यातल्या सगळ्या डीएनएवरून, कसं लावतात ते सोप्पं करून सांगितलंय, पण एक गोष्ट राहिली असं वाटतं आणि ती आमच्या निफाडच्या बागेत रोज दिसते. आमच्याकडं थॉमसन ही द्राक्षाची जात डॉगरीजच्या खुंटावर (खाली मुळांसाठी लावलेल्या दुसऱ्या जातीच्या वेलावर) कलम केलेली आहे. खरड छाटणीनंतर (द्राक्षं काढून झाल्यावरच्या छाटणीनंतर) कलमाच्या जोडाखालून खुंटाची फूट निघते ना, तिचं पान हातात घेऊन बघा, कोवळं असताना पांढरट लव, कडा कमी कापलेल्या, वरच्या थॉमसनच्या पानाशी काही मेळ नाही. म्हणजे एकाच झाडावर दोन वेगळ्या हरितलवकांचा संसार चाललाय! आता डॉगरीज ज्या चॅम्पिनी गटातला, तो अमेरिकेतला मस्टँग आणि रुपेस्ट्रिस या दोन जातींचा नैसर्गिक संकर. द्राक्षात हरितलवक फक्त आईकडून येतं, त्यामुळं या जीनोमवरून वंशवृक्ष काढला की संकर गपचूप आईच्या घरात जाऊन बसतो, बापाचा पत्ताच नाही. म्हणून केंद्रकातला डीएनए सोबत बघायलाच पाहिजे, नाहीतर संकरित खुंटांची नाती चुकीची लागतील.

बाकी युरोपीय द्राक्षाचा हा हरितलवकाचा जीनोम 2006 मध्ये पूर्ण वाचला गेला, 1,60,928 अक्षरजोड्या, आणि वंशातल्या बाकी जातींतही रचना जवळपास तीच, फरक थोडे थोडे. म्हणूनच एकदोन जनुकं पुरत नाहीत, अख्खा जीनोम लागतो. पुढच्या लेखात खुंटांवर सविस्तर लिहा ना, इकडं सगळ्या बागा त्यांच्यावरच उभ्या आहेत.