हाक न मारणारी ॲप्स

गेल्या महिन्यात एका रात्री घरातला टॅब घेऊन बसले आणि साफसफाई केली. 61 ॲप्स निघाली. 14 ठेवली, बाकीची काढून टाकली. काय ठेवायचं हे ठरवताना एकच कसोटी लावली: मी या ॲपकडे जाते, की ते मला हाक मारतं? 'आज तुम्ही आला नाहीत', 'तुमच्यासाठी खास काहीतरी आहे' असं दिवसातून चारदा सांगणारं जे जे होतं ते गेलं. फोन वाजला तर मी समजू शकते, तो त्यासाठीच आहे. टॅब मी हातात घेते तेव्हा मला बसून काहीतरी करायचं असतं, आणि त्या वेळात कुणी मध्येच डोकावलेलं मला खपत नाही.

आधी कामाचं सांगते. मी प्रूफं तपासते. बरीच वर्षं कागदावर लाल पेनाने तपासली, आता झोडो नावाच्या ॲपमध्ये पीडीएफ उघडून स्टायलसने त्यावरच खुणा करते. या खुणा पीडीएफमध्येच राहतात, त्यामुळे समोरच्याने ती फाइल दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये उघडली तरी त्याला दिसतात. टॅबचा खरा उपयोग मला इथे कळला. एका पुस्तकात 'आचार्यांनी शिष्यांना जवळ बोलावलं' या वाक्यात 'आचाऱ्यांनी' पडलं होतं. रफार हवा तिथे अर्धा र, आणि गुरूंच्या जागी स्वयंपाकी येऊन बसला. कागदावर दोनदा वाचूनही ते माझ्या नजरेतून निसटलं होतं. टॅबवर दोन बोटांनी ओळ मोठी केली आणि तो आडवा अर्धा र ठळक समोर आला. तेव्हापासून जोडाक्षरांची दाटी असलेलं पान मी मोठं केल्याशिवाय सोडत नाही.

पडदा दोन भागांत वाटून घ्यायची सोय आयपॅडवर 2015 मध्ये आली, अँड्रॉइडवर 2016 मध्ये. पण टॅब असलेल्या कितीतरी लोकांनी ती एकदाही वापरलेली नसते. डावीकडे मूळ हस्तलिखित, उजवीकडे प्रूफ. माझं अर्धं काम या एका सोयीवर चालतं. लांबलचक मजकूर टाइप करायला मात्र काचेवरचा कीबोर्ड नको, वेगळा ब्लूटूथ कीबोर्ड जोडा. पहिला कच्चा खर्डा जीबोर्डला, म्हणजे गूगलच्या कीबोर्ड ॲपला, मराठीत बोलून उतरवून घेता येतो. विरामचिन्हं नंतर बसून घालावी लागतात, पण बोटं वाचतात.

नोंदींच्या बाबतीत मी एकदा पोळले आहे. एका ॲपमध्ये दोन वर्षं नोंदी ठेवल्या. ते बंद होणार असं कळलं तेव्हा लक्षात आलं, की त्यातला मजकूर बाहेर येतो तो फक्त त्याच ॲपला वाचता येईल अशा फाइलमध्ये. शब्दांचे अर्थ, लेखकांशी झालेल्या चर्चा, सगळं गेलं. फार वाईट वाटलं होतं. आता जॉप्लिन वापरते. त्यातल्या सगळ्या नोंदी संगणकावरून साध्या मजकुराच्या फायलींत काढून ठेवता येतात, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी त्या काढतेच. तुम्ही कुठलंही ॲप घ्या, पण त्यात पहिली ओळ लिहिण्याआधी मजकूर बाहेर कसा काढायचा ते शोधा.

वाचनाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या बाबांचं वाचन या टॅबने परत आणलं. त्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं आणि पुस्तक हातात घ्यायचंच त्यांनी सोडून दिलं होतं. मी उत्साहाने त्यांना पीडीएफ उघडून दिल्या. दोन दिवसांत त्यांनी टॅब बाजूला ठेवला. का ते मला कळेना. मग एका दुपारी शेजारी बसून पाहिलं. अक्षर मोठं केलं की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जायचा. प्रत्येक ओळीला पान डावीकडे ओढायचं, पुन्हा उजवीकडे आणायचं, आणि तेवढ्यात आपण कुठल्या ओळीवर होतो तेच हरवायचं. दहा ओळींत माणूस थकेल.

पीडीएफ म्हणजे छापील पानाचा हुबेहूब फोटोच समजा, ते आपली मांडणी सोडत नाही. ईपब हा पुस्तकांच्या फायलींचा दुसरा प्रकार, तो तसा नाही. त्यात अक्षर वाढवलं की ओळी पुन्हा नव्याने बसतात आणि मजकूर पडद्याच्या रुंदीतच राहतो. हा फरक मला आधी माहीत असता तर बाबांचे ते दोन दिवस वाया गेले नसते. मराठी विकिस्रोतावरची प्रताधिकारमुक्त पुस्तकं ईपबमध्ये उतरवून घेता येतात. ती मी रीडएरा या ॲपमध्ये टाकून दिली. त्याला खातं उघडावं लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि उघडल्यावर ते थेट अर्धवट राहिलेल्या पानावर नेतं. अक्षर इतकं मोठं ठेवलंय की एका ओळीत पाच-सहा शब्द मावतात. बाबा आता रोज सकाळी तासभर वाचतात. विकत घेतलेली पुस्तकं किंडल ॲपमध्ये आहेत, तिथे 2016 च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं मिळू लागली. इंग्रजी अभिजात साहित्यासाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग. मायकेल हार्ट यांनी 1971 मध्ये अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वतः टाइप करून जे सुरू केलं, तिथे आज 70 हजारांहून जास्त पुस्तकं फुकट आहेत. डोळे दमले की लिब्रिवॉक्स, म्हणजे स्वयंसेवकांनी वाचून ध्वनिमुद्रित केलेली पुस्तकं. काही वाचक सुमार आहेत, काही इतके छान वाचतात की काम थांबवून ऐकत राहावं.

आणि किविक्स. यात मराठी विकिपीडिया आख्खा उतरवून ठेवता येतो. नेट नसताना जेवणाच्या टेबलावर वाद निघाला तरी तिथल्या तिथे मिटतो.

आता मुलांचं. धाकटी सहा वर्षांची आहे आणि स्क्रॅचज्युनिअर तिचं जीव की प्राण. हे 2014 मध्ये आलं, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी बनवलेलं आहे, आणि त्यात वाचता यायची गरजच नाही. चित्रांचे ठोकळे एकापुढे एक जोडायचे आणि हिरवा झेंडा दाबायचा. मागच्या रविवारी तिने आजोबांना 'म्याँव, मला दूध द्या' असं म्हणायला लावलं, तो आवाज त्यात भरला आणि मांजराला चालायला लावून शेवटी तो ठोकळा जोडला. मांजर अर्ध्यातच थांबून बोलू लागलं. तिने ठोकळे मोजले, पावलांचा आकडा चारवरून आठ केला, पुन्हा झेंडा दाबला. मांजर बशीपाशी पोचलं आणि आजोबांच्या आवाजात बोललं. मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. चूक कुठे आहे ते स्वतः शोधून दुरुस्त करणं तिला कुणी शिकवलं नाही, ते त्या खेळातच आहे.

मोठ्याचं आणि माझं लिचेस चालतं. बुद्धिबळासाठी याच्याहून सरस काही मी पाहिलेलं नाही: संपूर्ण फुकट, एकही जाहिरात नाही, देणग्यांवर चालतं. त्यात समोरासमोर बसून एकाच टॅबवर खेळायची सोय आहे. टॅब आमच्या मध्ये आडवा ठेवायचा. नेट बंद असलं तरी चालतं. माझ्या मते टॅब सगळ्यात शोभतो तो असा, दोन माणसांच्या मध्ये.

गच्चीवर स्टेलेरियम. आकाशाकडे धरलं की तारे ओळखून दाखवतं. त्यातला लाल पडद्याचा पर्याय आठवणीने लावा, कारण अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक झलक ते सगळं घालवते. ॲप ओरायन म्हणालं, आई म्हणाली मृग. पट्ट्यातले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण, आणि तो बघ व्याध. मुलगा टॅब खाली ठेवून तिच्या बोटाकडे बघत राहिला.

लहान मुलांच्या हातात टॅब देताना स्क्रीन पिनिंग लावा. आयपॅडवर हेच काम गाइडेड ॲक्सेस करतं. मूल त्या एकाच ॲपमध्ये राहतं. बऱ्याच अँड्रॉइड टॅबवर प्रत्येकासाठी वेगळा वापरकर्ताही करता येतो. ते केल्यापासून माझ्या प्रूफांवर मांजरं उमटलेली नाहीत.

एक गोष्ट मात्र मला अजून मिळालेली नाही. बाबांना हव्या असलेल्या जुन्या पुस्तकांच्या फक्त स्कॅन केलेल्या पीडीएफ आहेत. त्यातला मराठी मजकूर जोडाक्षरं न मोडता ओळखून, टॅबवरच, नेटशिवाय ईपब करून देणारं काही कुणी वापरत असेल तर कृपया नाव लिहा. त्यांची यादी तयार आहे, पहिलं पुस्तक 340 पानांचं आहे.