पडद्यावर सिनेमा, कानात तो करणारा माणूस

डीव्हीडी गेल्या त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. त्यांच्यासोबत ऑडिओ कॉमेंट्री गेली, त्याचं वाटतं.

ज्यांनी कधी ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिनेमा चालू राहतो, त्याचा आवाज मागं जातो आणि दिग्दर्शक, लेखक, नट किंवा एखादा अभ्यासक समोरच्या दृश्यावर बोलत राहतो. १९८४ साली क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीनं जुना 'किंग काँग' लेझरडिस्कवर, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या चकतीवर, काढला. त्या डिस्कवर आवाजाच्या दुसऱ्या ट्रॅकची सोय होती. त्यावर रोनाल्ड हेव्हर या अभ्यासकानं सिनेमा चालू असतानाच त्याची जडणघडण सांगितली. सुरुवात तिथून.

लातूर, परभणी, नांदेडकडच्या आम्हा पोरांसाठी ही साधी गंमत नव्हती. इकडं नाटकाच्या तालमी व्हायच्या, स्पर्धा व्हायच्या, पण शॉट असाच का लावला हे सांगणारं कुणी भेटायचं नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटपर्यंत पोचणारे किती? मला सिनेमा बघायला कॉमेंट्रीनं शिकवलं, हे मी कुठंही सांगेन.

सगळ्याच ऐकण्यासारख्या नसतात. 'हिनं काय सुंदर काम केलंय', 'त्या दिवशी फार थंडी होती', मग पाच मिनिटं शांतता, असल्या कॉमेंट्र्या भरपूर आहेत. पडद्यावर दिसतंय तेच सांगणारा तर नकोच. मला निर्णय ऐकायचे असतात. हे असं का केलं, दुसरं काय करता आलं असतं, पैसे कुठं संपले, कोण आडवं आलं.

'द गॉडफादर'वर दिग्दर्शक कपोला बोलतात ते ऐका. स्टुडिओला नट म्हणून अल पॅचिनो नको होता आणि स्वतः कपोलांना कधीही काढून टाकतील अशी वेळ होती. आज ज्या सिनेमाला जग डोक्यावर घेतं, तो करणारा माणूस तेव्हा भेदरलेला होता, हे त्याच्याच आवाजात, त्याच दृश्यांवर ऐकताना अंगावर काटा येतो. 'द लाइमी'वर तर दिग्दर्शक सोडरबर्ग आणि लेखक लेम डॉब्ज यांचं चक्क वाजतं. माझ्या पटकथेतलं काय काय गेलं ते लेखक तोंडावर सुनावतो. ती डिस्क काढणाऱ्यांनी हे भांडण तसंच ठेवलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. टीव्हीच्या बाबतीत 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेच्या डीव्हीडी घ्या. भागागणिक कॉमेंट्री आहे, आणि एक विनोद किती जणांच्या हातून जातो ते तिथं कळतं.

बोलणारा सिनेमातलाच हवा असंही नाही. 'सिटिझन केन'वर समीक्षक रॉजर ईबर्ट बोलतात. स्टुडिओतल्या सेटला तेव्हा सहसा छत नसायचं, वर दिवे आणि माईक असायचे. इथं मात्र कॅमेरा खालून बघतो आणि छत दिसतं, कारण वर कापड ताणलंय आणि माईक त्याच्या मागं लपवलाय. हे कळल्यापासून जुना कुठलाही सिनेमा बघताना माझी नजर आधी वर जाते.

स्पीलबर्ग कॉमेंट्री करत नाहीत. सिनेमानंच बोलावं, हा आग्रह मला समजतो. पहिल्यांदा बघताना तर कुणाचा आवाज नकोच. पण आपल्याकडं सप्ताहात कीर्तनाला बसणाऱ्यांना अभंग पाठच असतो की. तरी माणसं रात्री उशिरापर्यंत हलत नाहीत, कारण महाराज त्याच चरणात आजवर न दिसलेलं दाखवतात.

आता मराठीचं. 'सामना' घ्या. तो लिहिणारे विजय तेंडुलकर २००८ मध्ये गेले, त्यातले दोन मुख्य नट, निळूभाऊ फुले २००९ मध्ये आणि डॉ. श्रीराम लागू २०१९ मध्ये. लागू आणि निळूभाऊ शेजारी बसून ते समोरासमोरचे प्रसंग बघताहेत, मध्येच एकमेकांना अडवताहेत, असा एक ट्रॅक असता तर! मुलाखतीत माणूस आठवणी सांगतो. दृश्य समोर चालू असलं की त्याला कामाचं बोलावं लागतं, हा फरक फार मोठा आहे.

आपल्या भागाचंच बोलायचं तर मकरंद अनासपुरे यांच्या तोंडची मराठवाडी बोली साऱ्या महाराष्ट्रानं उचलून धरली. ती संहितेत किती होती, सेटवर किती आली, पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कळावी म्हणून कुठं मऊ केली, हे मला वाक्यावाक्यावर ऐकायचंय. एडिटर आणि साउंडवाल्यांचंही. त्यांना तर कुणी विचारतच नाही.

तंत्राची अडचण सांगू नका. एकाच सिनेमाला हिंदी, तमिळ, तेलुगू असे आवाज लावून ओटीटीवाले देतातच, त्यात अजून एक. एक माईक, एक शांत खोली आणि सिनेमाइतकाच वेळ लागतो. संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूरकडं शॉर्टफिल्म करणारी पोरं आहेत, त्यांनी तर आजच करावं. सगळं ताजं आठवतंय तोवर, युनिटमधली भांडणं मिटायच्या आत.

असं काही कुणी रेकॉर्ड केलेलं असेल, दहा मिनिटांच्या फिल्मवरचं का असेना, तर खाली लिंक टाका. मी पूर्ण ऐकणार आणि काय वाटलं ते लिहिणार.